बडग्या संध्याकाळी जळतो, फोटो राहिला पाहिजे

नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. मारबत म्हणजे इडापिडा घेऊन जावी म्हणून मिरवत नेऊन जाळायचा बाईचा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. दोघींचं रूप ठरलेलं. पण त्यांच्यासोबत जे बडगे, म्हणजे पुरुषाचे पुतळे निघतात ते दरवर्षी नवे असतात. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या वर्षी लोकांच्या मनात जे खदखदत असेल त्याचा बडग्या. बांबू, कागद, रंग आणि पुतळ्याच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या ओळी. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत गर्दी दिवसभर त्यांच्यासोबत चालते आणि शेवटी त्यांना जाळून टाकते. त्या वर्षी शहर कशावर चिडलं होतं आणि कोणत्या शब्दांत चिडलं होतं, हे सांगायला मग फक्त फोटो उरतो.

माझं माहेर इतवारीचं. सासर त्रिमूर्तीनगरला, पण मारबतीला मी जातेच, आणि हातात कॅमेऱ्याचा फोन आल्यापासून बडग्यांचे फोटो काढते. या फोटोंना माझ्या लेखी किंमत आहे ती त्यांच्यावरच्या अक्षरांमुळे आणि तारखेमुळे. बडग्यावरची ओळ वाचता आली पाहिजे आणि तो कोणत्या सालचा ते नक्की कळलं पाहिजे. यातलं एक जरी गेलं तरी तो नुसता रंगीत पुतळा होतो. म्हणून फोटो फोनमधून कम्प्युटरवर कसा नेता, याबद्दल मी इतकी आग्रही आहे. काढलेला फोटो जसाच्या तसा, मूळ फाइल म्हणून कम्प्युटरवर आला नाही तोवर तो माझ्या हिशेबी जपलेला नाही.

सगळ्यात जास्त नुकसान व्हॉट्सॲपवरून होतं. कितीतरी जण फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि कम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडून तिथून उतरवून घेतात. सोपं आहे, केबल शोधावी लागत नाही, मला समजतं. पण त्या वाटेने चार-पाच एमबीचा फोटो काही शे केबीचा होऊन येतो. फोनच्या पडद्यावर फरक कळत नाही. मोठा करून बडग्याच्या पोटावरची बारीक ओळ वाचायला जा, तिथे अक्षरांच्या जागी डाग दिसतात. २०२३ मध्ये आलेल्या एचडी पर्यायाने फोटो बराच बरा जातो, तरी मूळ फाइल जात नाहीच.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. फोटो काढताना फोन त्या फाइलच्या आतच तारीख, वेळ, कॅमेऱ्याची माहिती आणि लोकेशन चालू असेल तर जागाही लिहून ठेवतो. याला एक्झिफ म्हणतात. विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स उघडा. ‘डेट टेकन’ समोर तारीख दिसेल, खाली अक्षांश २१ आणि रेखांश ७९ दिसले की फोटो आपल्या नागपुरातला. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना ही सगळी माहिती काढून टाकतं. फाइलचं नावही बदलतं. पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये कॅमेऱ्याने दिलेल्या नावात काढल्याची तारीख असते, म्हणजे २०२५ च्या मारबतीचा फोटो असेल तर २०२५०८२३ आणि पुढे वेळ. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलच्या नावात तारीख असते ती फोटो मिळाल्याची. कुणी मागच्या वर्षीचा बडग्या आज ग्रुपवर टाकला तर त्याच्या नावात आजची तारीख बसते, आणि दहा वर्षांनी जो तो फोटो उघडेल तो त्यालाच खरं मानेल.

म्हणून केबल. आणि केबलचं पहिलं दुखणं हे की प्रत्येक केबल डेटा नेत नाही. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये विजेच्या दोन तारा आणि डेटाच्या दोन तारा असतात. स्वस्तातल्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. पॉवर बँकसोबत किंवा छोट्या पंख्यासोबत येणाऱ्या केबल बऱ्याचदा अशाच. फोन चार्ज होतो, कम्प्युटरला मात्र त्याचा पत्ता नसतो. आमच्या शेजारच्या वहिनी लॅपटॉप घेऊनच आल्या होत्या, “केबल लावली, पण आतमध्ये काहीच दिसून नाही राहिलं.” फोनच्या डब्यातली मूळ केबल लावली आणि लगेच टिंग वाजलं.

तरीही फोल्डर रिकामंच दिसत होतं, आणि हे दुसरं दुखणं. केबल लावल्यावर अँड्रॉइड फोन आपणहून फक्त चार्ज होतो. तुमच्या परवानगीशिवाय कुणाला आत डोकावू देत नाही, आणि हे चांगलंच आहे. फोन अनलॉक करायचा, वरून नोटिफिकेशन खाली ओढायचं, यूएसबीची ओळ दाबायची आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं. मग कम्प्युटरवर धिस पीसीमध्ये फोनचं नाव, त्यात इंटर्नल स्टोरेज, त्यात डीसीआयएम, त्यात कॅमेरा. डीसीआयएम हे नाव डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळापासून चालत आलंय, त्यामुळे फोन कोणत्याही कंपनीचा असो, फोटो तिथेच बघायचे. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो वेगळे असतात. अँड्रॉइड ११ पासून ते अँड्रॉइड नावाच्या फोल्डरमध्ये, मीडियाच्या आत जाऊन बसलेत. ते शोधताना भले भले दमतात.

फोन पेनड्राइव्हसारखा का वागत नाही, असं मला खूप जण विचारतात. पूर्वी वागायचा. तेव्हा केबल लावली की फोनची अख्खी मेमरी कम्प्युटरच्या ताब्यात जायची आणि तेवढा वेळ फोनला स्वतःला ती वापरता यायची नाही. २०११ च्या अँड्रॉइड ३ पासून हे एमटीपी पद्धतीवर गेलं. यात कम्प्युटर एकेक फाइल मागतो आणि फोन ती देतो. त्यामुळे दोघांनाही काम करता येतं, पण कारभार संथ होतो. म्हणूनच केबलवरून फोनमधले फोटो उघडून बघत बसू नका, हजार फोटोंचे छोटे चौकोन उमटेपर्यंत विंडोज हिरवी पट्टी दाखवत राहतं. फोल्डर उघडायचं, हवे ते निवडायचे, कॉपी करायचे आणि कम्प्युटरवर आल्यावर निवांत बघायचे. टाइप-सी पोर्ट असलेल्याही बऱ्याच फोनमध्ये आत यूएसबी २ च असतं, कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात सेकंदाला तीसेक एमबी मिळाले तर दहा जीबीला पाच-सहा मिनिटं लागतात. फायली लहान आणि पुष्कळ असतील तर त्याहून जास्त.

इथे माझा एकच हट्ट आहे: कॉपी करा, कट कधीच नाही. कट-पेस्ट चालू असताना केबल हलली, लाइट गेली, लॅपटॉप झोपला तर कोणती फाइल कुठे राहिली याचा थांग लागत नाही. आधी कॉपी. मग दोन्हीकडे फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते बघायचं. मग मधले मधले दोन-चार फोटो आणि एखादा व्हिडिओ कम्प्युटरवर उघडून बघायचा. त्यानंतरच फोनमधून काढायचे. आणखी एक, कॉपी केल्यावर ‘डेट मॉडिफाइड’ किंवा ‘डेट क्रिएटेड’मध्ये वेगळीच तारीख दिसू शकते. घाबरू नका. आतली ‘डेट टेकन’ तशीच असते, क्रम लावायचा तो तिच्यावरून.

माझा भाचा आयटीत आहे. त्याचं म्हणणं, “मावशी, सगळं गूगल फोटोजवर आहे ना, कायले केबल शोधून राहिली?” त्याचं अगदी चुकीचं नाही. फोन चोरीला गेला तर तेच कामी येतं, माझ्याही फोनमध्ये ते चालू आहे. पण १ जून २०२१ पासून तिथली अमर्याद फुकट जागा बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. सेटिंगमध्ये स्टोरेज सेव्हर निवडलेलं असेल तर तिथेही फोटो दाबूनच ठेवला जातो. आणि लोकांना हे माहीतच नसतं, की त्या ॲपमध्ये फोटो डिलीट केला तर तो फोनमधून आणि खात्यातून, दोन्हीकडून जातो. जागा करायला म्हणून केलेल्या साफसफाईत घरोघरची लग्नं आणि बारशी अशीच गेली आहेत. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची तर ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे.

भाच्याला मी माझ्या मोठ्या मावशीच्या घरचं सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. २३ सप्टेंबर २०२३ ची ती रात्र नागपूर विसरणार नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउटमध्ये लोक झोपेत असताना पाणी घरात शिरलं. मावशीचे अल्बम लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते. चिखलातून काढले तेव्हा फोटो प्लास्टिकला चिकटून बसलेले, सोडवायला गेलं की रंग प्लास्टिकवर आणि हातात पांढरा कागद. मावसबहिणीने त्या पानांचे फोटो पूर्वी कधीतरी फोनवर काढले होते. पण तो फोन एक्स्चेंजमध्ये दिलेला, उरले ते घरच्या ग्रुपवर टाकलेले. आजोबांचा त्यांच्या दुकानासमोरचा एकुलता एक फोटो आता तेवढाच आहे. फ्रेम करायची म्हणून मोठा केला तर डोळे दिसत नाहीत. मावशीने तरीही तो फ्रेम करून लावला आहे.

तेव्हापासून माझ्या फोटोंची एक प्रत लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर आणि ती डिस्क आमच्या घरात नाही. भावाकडे इतवारीत, वरच्या मजल्यावर. राखीला जाते तेव्हा आणते, नवीन भरते, मारबतीला गेले की परत देते. डिस्क किंवा पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जात नाही. मिरवणुकीचा लांबलचक व्हिडिओ तिथेच अडतो. एक्सएफएटी या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करून घ्या, पण त्याआधी आतलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा, फॉरमॅटमध्ये ते पुसलं जातं.

आयफोनवाल्यांसाठी थोडंच. केबल लावल्यावर फोनवर ‘ट्रस्ट’ विचारतो, तिथे हो म्हणायचं. २०१७ च्या आयओएस ११ पासून त्याचे फोटो एचईआयसी प्रकारात असतात, जुन्या कम्प्युटरवर ते उघडत नाहीत. कॉपी मध्येच तुटत असेल तर फोटोजच्या सेटिंगमध्ये ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ खाली ‘कीप ओरिजिनल्स’ निवडून बघा, बहुतेकदा तेवढ्याने सुरळीत होतं.

सध्या मी बडग्यांचे फोटो सालवार फोल्डरमध्ये लावते आहे. फोल्डरच्या नावात आधी साल, मग बडग्यावर लिहिलेला विषय. इतवारी, महाल, जागनाथ बुधवारीतल्या कुणाच्या फोनमध्ये जुन्या मारबतींचे फोटो पडून असतील तर मला फार हवे आहेत. केबल घेऊन मी स्वतः येईन. आणि पाठवायचेच असतील तर व्हॉट्सॲपवर गॅलरीतून पाठवू नका. पिनेचं चिन्ह दाबून ‘डॉक्युमेंट’ निवडा आणि त्यातून तो फोटो जोडा. तसा पाठवला की फाइल मूळ आकारात येते, आतल्या तारखेसकट.