विभागाचा पेपर काढला, त्यातले सात महिने टायटल आणि डिक्लेरेशनमध्ये गेले (माझा अनुभव)

मी विद्यापीठात पत्रकारिता शिकवते. आमच्या पोरांचा प्रायोगिक अंक म्हणजे ए-फोरच्या झेरॉक्स, मार्क दिले की कपाटात. वाचणारी मी एकटीच, त्यामुळे पोरं बातमी नाही, निबंध लिहायची. युनेस्कोने २००७ मध्ये विकसनशील देशांसाठी पत्रकारितेचा मॉडेल अभ्यासक्रम काढला, त्यात प्रत्यक्ष बातमीकामावर केवढा भर आहे, आणि आमच्याकडे कपाट! म्हणून ठरवलं, रीतसर रजिस्टर केलेलं पाक्षिक काढायचं, लोकांच्या हातात पडेल असं.

पैसे, कागद, पेजमेकर हे सगळं झालं. अडकलं ते नावात.

टायटलसाठी पसंतीक्रमाने पाच नावं द्यायची. वार्ता, टाइम्स, दर्पण काहीही जोडा, कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं. बाळशास्त्रींनी ६ जानेवारी १८३२ ला दर्पण काढलं तेव्हा हे झंझट नव्हतं, छापखाने आणि वृत्तपत्रांच्या नोंदणीचा जुना पीआरबी कायदाच १८६७ चा. पहिली पाचही नावं गेली. दुसऱ्या वेळी गावातल्या ओढ्याचं नाव टाकलं ते लगेच मिळालं. स्थानिक नाव टाका, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

मग डिक्लेरेशन, म्हणजे पेपर कोण छापणार, कोण प्रकाशित करणार हे दंडाधिकाऱ्यांपुढे लिहून द्यायचं, आमच्याकडे ते प्रांत ऑफिसात. मुद्रक आणि प्रकाशक दोघांनी समक्ष हजर राहायचं. आमचे प्रेसवाले काका लग्नपत्रिका छापतात आणि आम्ही गेलो ऐन मे महिन्यात, ते बाकावर बसून कुणाच्या तरी पत्रिकेचं प्रूफ तपासत होते, ‘चि. सौ. कां.’ मधले टिंब मोजत. साहेब दौऱ्यावर. पुढच्या वेळी साहेब होते तर भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, मालक विद्यापीठ ना? मग कुलसचिवांचं पत्र लागेल." ते पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? पत्र आणलं, तोवर आमचे विभागप्रमुख बदलले (रोटेशन आहे) आणि प्रकाशक म्हणून नाव त्यांचंच, म्हणजे फॉर्म परत पहिल्यापासून, काका परत बाकावर. चौथ्या फेरीला ते म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या पेपरपेक्षा माझं पेट्रोल महाग पडायलंय.’ शेवटी प्रकाशक म्हणून माझंच नाव टाकलं, रिटायरमेंटला अजून पंधरा वर्षं आहेत माझ्या. तुम्हीही पदावरच्या नाही, टिकणाऱ्या माणसाचं नाव टाका.

आता हे सगळं सोपं झालंय म्हणे, १ मार्च २०२४ पासून नवा कायदा आलाय, प्रेस सेवा पोर्टलवर टायटल आणि नोंदणी एकत्रच, दंडाधिकाऱ्यांपुढे डिक्लेरेशन नाहीच. चांगलं आहे, पण माझे सात महिने कोण परत देणार.

हां, एक राहिलं, शेवटच्या पानावर तळाला मालक-मुद्रक-प्रकाशक-संपादक ही ओळ विसरू नका. आमच्या पोरांनी ती डिझाइन बिघडतं म्हणून काढली होती, मी रात्री अकराला प्रेसमध्ये जाऊन परत टाकून घेतली.

पहिल्या अंकाची एक प्रत मुद्दाम भाऊसाहेबांना नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, ‘मॅडम, पान दोनवर तहसीलदारमधला सी ऱ्हस्व पडलाय.’ मी स्पीकर ऑन करून अख्ख्या वर्गाला ऐकवलं.