आमची वाटचाल: एकोणीसवरून वीस

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांचा एकच गाळा होता. टॉवेल-चादरींचे गठ्ठे यायचे, बिलटी म्हणजे मालाची पावती व्हायची, गाड्यांत माल चढायचा. चार हमाल, एक मुनीम आणि सगळा हिशेब वडिलांच्या डोक्यात.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. त्याआधी परराज्यात थेट माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा, म्हणून कंपन्या राज्याराज्यांत गोडाऊन ठेवायच्या. ती गरज संपली आणि कंपन्या रस्त्याच्या सोयीची जागा बघू लागल्या. आपल्याकडून पुणे-हैदराबाद हायवे जातो, धुळे-विजयपूर रस्ताही इथूनच. एका वितरकाचं काम मिळालं, कर्ज काढलं आणि पुणे रोडला मोठं गोडाऊन बांधलं.

गावात बोलबाला झाला, शंभर पोरं लागणार! लागली एकोणीस. रॅक आणि फोर्कलिफ्ट आले की पाठीवर ओझं वाहायला माणसं कमीच लागतात, हे मी आधी सांगायला हवं होतं. जुन्या हमालांपैकी दोघे फोर्कलिफ्ट शिकले (एकाने पहिल्याच आठवड्यात शटर वाकवलं). उरलेले दोघे मार्केट यार्डात गेले. ते अजून सलतं.

सीए म्हणाले, "एकोणीसवर थांबा, विसाव्या माणसाला पीएफ लागतो." पण पॅकिंगला हात कमी पडत होते. एक बाई आल्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या, मराठीला तेलुगूचा हेल. पगाराचा आकडा ऐकायच्या आधीच म्हणाल्या, "मालक, पीएफ हाय का? विडीत कापत्यात." नसेल तर यायचं कशाला, हा त्यांचा रोकडा सवाल. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घेतलं त्यांना. मग एकट्या त्यांचा नाही, सगळ्यांचाच पीएफ सुरू झाला. मालकाचे १२ टक्के दर महिन्याला टोचतात, खोटं कशाला बोलू! पण विड्या हजाराने मोजायची सवय असलेली ती बोटं. स्कॅनर वाजायच्या आत मावशी खोक्यांचा आकडा सांगतात. त्यांच्यामागून गल्लीतल्या चौघी आल्या. आज आम्ही सत्तावीस आहोत.

बायकांना रात्री साडेनऊनंतर थांबवत नाही. त्यामुळे दिवाळीच्या हंगामात रात्रपाळी पोरांवर पडते आणि पोरं कुरकुरतात. कोजागरीला तर तीही तुळजापूरला चालत जातात. त्या रात्री गाड्या मी आणि मुनीमकाका भरतो.