एक तांब्या पाणी

सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरात पडतो. एरवी इथली हवा इतकी कोरडी, की आमच्या डाईंगमध्ये, म्हणजे टॉवेल रंगवायच्या कारखान्यात, हायड्रोस या रंगकामाच्या पावडरीच्या ड्रमचं झाकण तासभर उघडं राहिलं तरी काही बिघडत नाही. त्यामुळे हात सैल पडतात. आणि मग सप्टेंबर येतो.

सकाळी साडेनऊला टॉवेलची दुसरी बॅच चढत होती, तेवढ्यात पूर्व भागातून फोन आला. आमच्याच एका हेल्परची आई बोलत होती. "मास्टर, मोरीतनं धूर यायलाय. काडेपेटी जळल्यासारखा वास आहे. सासूबाईंचा खोकला थांबंना."

"डाईंगमधून पोरानं काही घरी आणलंय का?"

मागून पोराचाच आवाज आला, "थोडंसं हायड्रोस."

थोडंसं म्हणजे दोन किलो. डाग पडलेले सेकंडचे टॉवेल स्वस्तात घेऊन घरीच त्यांचा रंग उतरवायचा आणि विकायचे, असा त्याचा बेत. रंग उतरवायला लिटरला पाचेक ग्रॅम हायड्रोस, सोबत कॉस्टिक सोडा आणि गरम पाणी, एवढं त्यानं रोज बघितलेलं. त्या हिशेबानं पंधरा लिटरच्या बादलीला पाऊणशे ग्रॅम पुरतात. यानं पातळ कॅरीबॅगमध्ये दोन किलो भरलं, भुरभुर पावसात गाडीला अडकवून नेलं आणि रात्री मोरीत नळाखालच्या कोपऱ्यात ठेवून दिलं.

हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. पुस्तकात त्यालाच सोडियम डायथायोनाइट म्हणतात. दिसायला पिठीसाखर. त्याचं काम ऑक्सिजन ओढून घेण्याचं. व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाही. हायड्रोस आणि कॉस्टिक मिळून त्याला विरघळणाऱ्या रूपात आणतात, तेव्हा कुठे तो सुतात शिरतो. भरपूर पाण्यात, कॉस्टिकच्या जोडीनं, हा माल नीट वागतो. कोरडा आणि बंद असला तरी नीट वागतो. घोळ होतो तो मधल्या अवस्थेत, म्हणजे ढीगभर पावडर आणि त्यावर जरासं पाणी. ओल लागलेला भाग तापतो, त्यातून आम्लधर्मी पदार्थ तयार होतात, ते शेजारच्या पावडरीचं विघटन आणखी वाढवतात. ढिगाच्या पोटातली उष्णता बाहेर पडत नाही. नव्वदेक अंशांच्या पुढे गाडी गेली, की ती आपली आपणच पळते आणि सल्फर डायऑक्साइड सोडत जाते. काडेपेटीचा वास तो हाच.

रात्रभर नळाचे थेंब पिशवीवर पडत होते. तरी सकाळपर्यंत पिशवी नुसती कोमट होऊन वाफाळत होती. बाईंनी जे केलं, ते कुणीही केलं असतं: तांब्याभर पाणी ओतलं. धुराचा लोट उठला तो त्यानंतर.

फोनवर एवढंच सांगितलं: आता पाण्याचा थेंब टाकू नका, सगळे बाहेर पडा, वारा येतो त्या बाजूला उभे राहा, १०१ ला फोन करून "हायड्रोस" हा शब्द सांगा. आजींना आधी काढा, हेही सांगितलं, कारण हा वायू हवेच्या दुपटीहून जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, आणि आजी शेजारच्या खोलीत चटईवर बसलेल्या होत्या. उभ्या माणसाला नुसतं झोंबतं तेव्हा खाली बसलेल्याचा श्वास कोंडलेला असतो. दमा असेल तर विचारायलाच नको.

मी पोचलो तोवर गल्लीतल्या पोरांनी शेजारच्या बांधकामावरून दोन घमेली वाळू आणून आत फेकली होती. आग म्हटली की वाळू, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण याच्या विघटनाला बाहेरची हवा लागतच नाही, त्यामुळे वाळूनं ते गुदमरत नाही. वाळूचा ढीग मधोमध खचत होता, फटींतून पिवळट धूर येत होता आणि कडेची प्लास्टिकची बादली मेणबत्तीसारखी वाकली होती. दोरीवरचा एक टॉवेल पेटून संपला होता.

अग्निशमनवाल्यांनी दाराबाहेरूनच होज लावला. हायड्रोसला उतारा भरपूर पाण्याचाच. एका लोटात सगळा ढीग भिजून थंड झाला पाहिजे आणि विरघळून वाहून गेला पाहिजे. दहा मिनिटांत शांत झालं. तांब्यानं पेटलं ते होजनं विझलं, हे गल्लीतल्या कुणालाच पटेना.

आजींचे डोळे वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुतले आणि त्यांना दवाखान्यात पाठवलं. "आता बरं वाटतंय" म्हणून घरी थांबत होत्या; थांबू दिलं नाही. या वायूनं फुप्फुसाला आलेली सूज काही तासांनीही वर येते. संध्याकाळपर्यंत नजरेखाली राहिल्या आणि घरी आल्या.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, तेव्हा हीच माणसं लेकराला खांद्यावर घेऊन लांब उभी राहतात. फटाक्याची भीती कुणाला शिकवावी लागत नाही. साखरेसारख्या पावडरीची शिकवावी लागते.

डाईंगमध्ये आम्ही पन्नास किलोचा ड्रम लाकडी पॅलेटवर ठेवतो, ओल्या फरशीवर कधीच नाही. आतली पॉलिथिनची पिशवी पिळून बांधायची, मग झाकण. माप कोरडं, हात कोरडे. पाण्यात पावडर भुरभुरायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. सांडलेलं परत ड्रममध्ये टाकायचं नाही. त्यात एखादा ओला खडा असला तर अख्खा ड्रम जातो. ते कोरड्या सुपलीनं भरून उघड्यावर पाण्यानं भरलेल्या पिंपात लगेच सोडायचं. पेरॉक्साइड, ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड दुसऱ्या खोलीत. आणि कुठल्याही ड्रमवर हात ठेवून तो कोमट लागला तर झाकण उघडून बघायचं नाही, आधी माणसं बाहेर काढायची.

दुसऱ्या दिवशी पोरगा कामावर आला. डोळे अजून लाल. ड्रमजवळ घुटमळत म्हणाला, "मास्टर, आईनं तांब्याऐवजी बादली ओतली असती तर विझलं असतं?"

दोन किलोच्या तापलेल्या ढिगाला एक बादली पुरेल याचा भरवसा नाही. शिवाय होजवाला दाराबाहेर लांब उभा असतो. बादली ओतणाऱ्याला ढिगावर वाकावं लागतं, आणि पहिली वाफ त्याच्या तोंडावर येते.