तयार मिळते, तर जोडता कशाला?

घरी आलेले पाहुणे दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटापाशी थांबतात, आतल्या मोटारींच्या छोट्या प्रतिकृती निरखतात आणि थोड्या वेळाने एकच प्रश्न विचारतात. परवा पुण्याहून आलेल्या मावशीनेही तोच विचारला. "अरे, असली गाडी दुकानात तयार मिळते, मग तू तीन-तीन महिने डोळे फोडत कशाला बसतोस?" चहा उतू चालला होता, म्हणून "आवड असते एकेकाची" असे म्हणून मी सुटका करून घेतली. ते उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. तुम्हीही विचारलेत, म्हणून या वेळी नीट सांगतो.

मी जोडतो त्या १९५०च्या दशकातल्या अमेरिकी गाड्या, बहुतेक १:२५ प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाएवढ्या लांबीच्या, आणि प्लास्टिकच्या. मिशिगनमधल्या ज्या ट्रॉय गावात मी नोकरीनिमित्त राहतो, तेथेच एएमटी या कंपनीचे ठाणे होते. १९४८ साली सुरू झालेल्या या कंपनीच्या नावाचा विस्तार 'अॅल्युमिनियम मॉडेल टॉइज' असा असला, तरी तिने लवकरच प्लास्टिकची वाट धरली. त्या त्या वर्षीच्या नव्या गाडीची हुबेहूब छोटी प्रतिकृती मोटारविक्रेत्यांच्या दुकानांत ठेवण्यासाठी पुरवणे हा तिचा मूळ धंदा होता, आणि १९५८च्या सुमारास तेच साचे वापरून तिने सुट्या भागांची किट विकायला काढली. एकाच खोक्यातून कारखान्यातून निघाल्यासारखी, हौशी फेरफार केलेली किंवा शर्यतीची, अशी तीनपैकी कोणतीही गाडी करता येत असे.

१:२५ या प्रमाणात एक गंमत आहे. खऱ्या गाडीवरचा एक इंच प्रतिकृतीवर जवळजवळ एक मिलिमीटर होतो. १९५७ची शेव्हरोले बेल एअर २०० इंच लांब आहे, म्हणजे माझ्या टेबलावर ती २०३ मिलिमीटर भरते, आणि ११५ इंचांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, ११७ मिलिमीटरचा होतो. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे माझी अशी समजूत होती की हा सगळा भागाकाराचाच खेळ आहे, आणि पंचविसाने नीट भागले की गाडी आपोआप खरी दिसेल.

तसे होत नाही. खऱ्या गाडीवरचा रंगाचा थर साधारण एक दशांश मिलिमीटरचा असतो, त्याला पंचविसाने भागले तर चार मायक्रॉन उरतात, आणि इतका पातळ थर कोणत्याही फवाऱ्यातून निघत नाही. आधी अस्तराचा प्रायमर, मग रंग आणि वर पारदर्शक क्लिअर असे सगळे हात मारून झाले की बॉनेटवरची 'शेव्हरोले' ही तिरकी, वळणदार अक्षरे साखरेच्या पाकात बुडाल्यासारखी दिसू लागतात. यावरचा उपाय मला फार आवडतो. रंगाला हात लावण्यापूर्वीच त्या अक्षरांवर चिकट पाठीचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा धातूचा वर्ख बसवायचा, कापसाच्या काडीने तो खाचाखाचांत दाबायचा आणि मग खुशाल वरून सगळी गाडी रंगवायची. रंग वाळला की थिनरने जेमतेम ओलावलेले फडके दातकोरण्याला गुंडाळून अक्षरांच्या माथ्यावरून अलगद फिरवायचे. माथ्यावरचा रंग निघतो आणि खालून चकाकणारे नाव वर येते. बेल एअरची ही अक्षरे सोनेरी असत, म्हणून शेवटी पारदर्शक पिवळ्याचा एक हात द्यायचा. एका नावाला एक संध्याकाळ जाते, आणि थिनर थोडा जरी जास्त झाला तर आठवडाभराचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

दारांच्या फटींचेही तसेच आहे. प्रतिकृती आपण हातभर अंतरावरून पाहतो. ते अंतर तीस सेंटिमीटर धरले, तर खरी गाडी साडेसात मीटरांवरून पाहण्यासारखे ते झाले. तेवढ्या अंतरावरून फट काळी दिसत नाही, फक्त रंग थोडा गडद झाल्यासारखा वाटतो. म्हणून फिरोजी गाडीच्या फटीत मी काळा रंग न सोडता गडद फिरोजीच सोडतो. छपराला मात्र मी बहुतेकदा 'इंडिया आयव्हरी' देतो. शेव्हरोलेच्या १९५७च्या रंगपत्रिकेत हस्तिदंती पांढऱ्याला हेच नाव होते, आणि ते वाचताना मला अजून हसू येते.

मात्र बॉनेटखाली भागाकार तंतोतंत पाळावा लागतो. स्पार्क प्लगची वायर सुमारे सात मिलिमीटर जाड, म्हणजे येथे पाव मिलिमीटरहून किंचित जास्त. प्लगांना ठिणगीची वीज वाटून देणाऱ्या, येथे तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढ्या डिस्ट्रिब्युटरला चिमटीत फिरवायच्या ड्रिलने नऊ भोके पाडायची, आठ प्लगांसाठी आणि एक वीज पुरवणाऱ्या कॉइलसाठी. मग सिलिंडरांत ठिणगी पडण्याच्या १-८-४-३-६-५-७-२ या क्रमाने वायरी न्यायच्या, विषम क्रमांकांची सिलिंडरे चालकाच्या बाजूला आणि सम पलीकडे. एअर क्लीनर बसवल्यावर यातले निम्मे दिसत नाही, आणि क्रम चुकला तरी कोणाला कळणार नाही, हे मला मान्य आहे. पण मला कळते, आणि चुकलेले इंजिन मी बॉनेट उघडून कोणाला दाखवू शकत नाही.

पहिल्या बेल एअरच्या वेळी तर मी एक महान पराक्रम केला होता. गाडीच्या मागच्या टोकाला पंखासारखी वर आलेली जी डावी शेपटी, तिच्या मागच्या कडेला एक बारीक रेघ दिसली, ती साच्याची राहिलेली खूण असावी असे समजून मी ती पुटी भरून, घासून साफ गुळगुळीत केली. दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यू या रस्त्यावर जुन्या गाड्या फिरवण्याचा सोहळा असतो, तेथे एका वयस्कर गृहस्थांनी आपल्या खऱ्या गाडीची त्याच जागची क्रोमची पट्टी बोटाने उघडून आत लपलेले पेट्रोलचे झाकण दाखवले, तेव्हा मला घाम फुटला. माझ्या गाडीत पेट्रोल भरायची सोयच उरली नव्हती. ती गाडी अजून कपाटात आहे, डावी बाजू भिंतीकडे करून.

तर मावशीच्या प्रश्नाचे उत्तर असे की तयार गाडीत कोठे भागायचे आणि कोठे नाही, हे दुसऱ्या कोणीतरी ठरवून टाकलेले असते, आणि मला नेमके तेच ठरवायचे असते.

सध्या टेबलावर १९५१ची शेव्हरोले आहे. जनरल मोटर्सच्या शिवडीच्या कारखान्यात १९२८पासून १९५४पर्यंत गाड्या जोडल्या जात असत, आणि ज्यांना मुंबईकर सर्रास 'शेवरलेट' म्हणत, त्यांपैकी एक मला करायची आहे. अडचण एवढीच की किटमधले स्टिअरिंग अमेरिकी, म्हणजे डावीकडे आहे. काल रात्री डॅशबोर्डाचे बारीक करवतीने तीन तुकडे केले आहेत. आता मीटर असलेला तुकडा उजवीकडे नेला की मधला भाग एक मिलिमीटर आखूड पडतो, आणि तो एक मिलिमीटर कोठून आणायचा, या विवंचनेत मी आहे.