गव्हातले पिवळे पट्टे

निफाडकडच्या त्या रानात गहू तीन आठवड्यांचा होता आणि पट्टे बांधावरूनच दिसत होते. ट्रॅक्टरच्या चाकोरीलगत गर्द हिरवा, दोन चाकोऱ्यांच्या मधोमध पिवळसर. पेरणीआधीचं खत आमच्या अवजार बँकेच्या (शेती अवजारं भाड्याने देणाऱ्या केंद्राच्या) फिरत्या चकतीवाल्या मशीनने फेकलेलं, म्हणून बोलावणं मला आलं.

"साहेब, तुमच्या ड्रायव्हरनं मधली जागा सोडली," रानाचे मालक दादा म्हणाले. ड्रायव्हर पोरगा मान खाली घालून उभा. मला ते पटेना. जागा सुटली असती तर पट्ट्याची कड स्पष्ट दिसली असती; इथे हिरवा रंग हळूहळू फिका होत गेला होता.

"हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या खताच्या पेटीत, काय टाकलं होतं?" मी विचारलं.

"युरिया, डीएपी, लाल पोटॅश. फावड्यानं एकत्र करून."

उरलेलं तेच मिश्रण घेऊन शेजारच्या मोकळ्या रानात मशीन चालवलं. वाटेला आडवी घमेली मांडली. दाणे उसळून बाहेर पडू नयेत म्हणून तळाशी गोणपाट. वारा पडलेला, मशीन फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा (पीटीओ) मिनिटाला 540 फेऱ्यांवर. मशीन गेलं आणि दादा एकेक घमेलं न्याहाळू लागले. जवळच्या घमेल्यांत लाल-पांढरं, म्हणजे पोटॅश आणि युरिया. टोकाला जवळजवळ नुसते काळपट डीएपीचे दाणे.

दाणा दुप्पट जाड असला की वजन आठपट होतं, पण हवेला अडणारं अंग चौपटच. म्हणून जाड दाणा लांब जातो आणि बारीक दाण्याचा वेग हवेतच मरतो. खत नियंत्रण आदेश, 1985 प्रमाणे डीएपीचे 90 टक्के दाणे 1 ते 4 मिमीचे लागतात. साध्या युरियाचे 90 टक्के 2.8 मिमीच्या चाळणीतून पडायला हवेत. शिवाय युरिया वजनाला हलका. आमच्या पोटॅशची तर वाळूच होती. प्रत्येक गोणी नियमात असूनही एकाच चकतीवरून ही तिन्ही खतं सारखी पडणं शक्य नव्हतं. त्यात रानातल्या हादऱ्यांनी हॉपरमध्येच बारीक माल खाली बसतो.

"म्हणजे पोराची चूक नाही," दादा स्वतःहून म्हणाले. त्या वाक्याने मला फार बरं वाटलं.

मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी नवी मुळं) फुटायची वेळ होती, पहिलं पाणी द्यायचंच होतं. पाण्याबरोबरचा युरिया पिवळ्या पट्ट्यांत हाताने थोडा जास्त फोकायला सांगितला. पोटॅशचा असमानपणा मात्र त्या हंगामात तसाच राहिला.

आता मशीनबरोबर चाळणी आणि घमेली जातात. खतं वेगवेगळी फेकायची, आणि युरियासाठी दोन फेऱ्यांतलं अंतर कमी ठेवायचं.