वादळाचं उजवं अंग

लक्षद्वीपच्या आसपास कमी दाबाचं क्षेत्र दिसलं की हवामानवेड्यांच्या ग्रुपवर नकाशांचा पाऊस सुरू होतो. जीएफएस हे अमेरिकेचं हवामान-अंदाजाचं संगणकी मॉडेल म्हणतं श्रीवर्धन, युरोपियन मॉडेल म्हणतं ओमान, आणि झोपायच्या वेळेपर्यंत दोन तट पडलेले असतात. आठ-दहा दिवस पुढच्या नकाशावर भांडायला मजा येते, पण त्याचा उपयोग शून्य. जीएफएस दिवसातून चार वेळा चालतं आणि एवढ्या लांबच्या मुदतीत दर खेपेला वादळ शेकडो किलोमीटर सरकवतं. २०२३ चं बिपरजॉय चक्रीवादळ ६ जूनला तयार झालं आणि १५ जूनला गुजरातेत जखाऊजवळ किनाऱ्यावर चढलं. मधल्या दिवसांत ओमान, कराची, गुजरात असा सगळा प्रवास नकाशावर होऊन गेला.

बघायचंच असेल तर एन्सेम्बल बघा, म्हणजे सुरुवात थोडीथोडी बदलून एकच मॉडेल अनेकदा चालवल्यावर निघालेले सगळे मार्ग. युरोपियनच्या ५१ रेघा असतात, अमेरिकनच्या ३१. रेघांची जुडी झाली असेल तर कामाला लागा. पंख्यासारख्या पसरल्या असतील तर खुशाल झोपा.

जुडी झाली तरी चूक राहतेच. हवामान खात्याचा २४ तास आधीचा मार्ग सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटर चुकतो, आणि हा काही वाईट आकडा नाही. पण अलिबाग ते श्रीवर्धन हे सरळ अंतरही साधारण तेवढंच आहे. म्हणजे 'अलिबागजवळ धडकणार' असं ऐकल्यावर हरिहरेश्वरच्या माणसाने निर्धास्त व्हायचं कारण नाही. उलट त्यानेच जास्त घाबरावं, कारण तो उजव्या अंगाला आहे.

आपल्याकडे वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. वादळ ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड करून उभे राहा: उजव्या हाताला फिरण्याचा आणि पुढे सरकण्याचा वेग मिळून येतो, डाव्या हाताला वजा होतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाचं केंद्र अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, ईशान्येकडे निघालेलं. डावीकडची मुंबई थोडक्यात सुटली. उजवीकडच्या श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोलीत नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. मे २०२१ च्या तौक्तेने तर महाराष्ट्रात जमिनीला पायही लावला नाही. ते समुद्रातून उत्तरेकडे गेलं, पण अख्खं कोकण त्याच्या उजव्या अंगाला होतं, तेही ऐन आंब्याच्या दिवसांत.

नेट गेलं की वाऱ्याकडे बघायचं. वाऱ्याकडे पाठ केली की केंद्र डाव्या हाताला, जमिनीवर असाल तर डावीकडे किंचित पुढे. वारा आग्नेयेकडून दक्षिण, मग नैऋत्य असा फिरला तर केंद्र तुमच्या उत्तरेकडून जातंय, म्हणजे तुम्ही वाईट बाजूला. आग्नेयेकडून पूर्व, मग ईशान्य असा फिरला तर ते दक्षिणेकडून जातंय. दिशा बदलतच नाही आणि दाब घसरतोय, तर ते सरळ तुमच्याकडे येतंय.

दाबाबद्दल एक सांगायलाच हवं. फोनमधला बॅरोमीटर दुपारी चारला तीन हेक्टोपास्कलने उतरलेला दिसतो आणि लगेच स्क्रीनशॉट फिरायला लागतात. आपल्या पट्ट्यात दाब रोजच सकाळी दहाला चढतो आणि दुपारी चारला उतरतो. त्यामुळे आजच्या चारची तुलना कालच्या चारशीच करायची. शिवाय माडीवरून खाली आलात तरी आकडा बदलतो: साधारण साडेआठ मीटरला एक हेक्टोपास्कल.

पावसाच्या आकड्यावर सगळ्यात जास्त वाद होतो आणि तिथेच मॉडेल सगळ्यात कच्चं. जीएफएसचा एक चौकोन साधारण १३ किलोमीटरचा. किनारा ते घाटमाथा यात असे चार-पाचच चौकोन बसतात, त्यामुळे सह्याद्रीची भिंत उतारासारखी होते आणि घाटातला पाऊस खाली किनाऱ्यावर सांडतो. दहा दिवसांची बेरीज दाखवणारा जांभळा नकाशा तर बघूच नका. खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ: ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. घरी मोजायचं तर सरळ बाजूंचं भांडं उघड्यावर ठेवा आणि पट्टी बुडवून मिलिमीटर वाचा. वादळात पाऊस आडवा येतो, म्हणून आकडा नेहमी कमीच भरतो. रडारवरही विसंबू नका. मुंबई आणि गोव्याच्या रडारपासून रत्नागिरी इतकी लांब की तिथे किरण तीन-चार किलोमीटर उंचीवरून जातो. खालचं त्याला दिसत नाही.

राहिली भरती. बंदरावर धोक्याचा कितवा बावटा लागलाय हे सगळे विचारतात, तिथी मात्र कोणी विचारत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती सगळ्यात लहान; अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी. वादळाने फुगवलेलं पाणी उधाणाच्या भरतीवर चढलं तर खाडीकाठी आत शिरतं, भांगाच्या ओहोटीत आलं तर जेमतेम पुळणीवर राहतं. निसर्ग द्वादशी-त्रयोदशीला आलं, उधाण जवळ आलेलं. या हिशेबाने भरती सकाळी साडेनऊच्या आसपास होती, आणि केंद्र जमिनीवर चढलं दुपारी साडेबारा ते अडीचमध्ये, ओहोटीला. तीन-चार तास आधी आलं असतं तर बागांबरोबर घरांच्या पडव्याही खाऱ्या पाण्यात गेल्या असत्या.