तुम्ही विचारलंत म्हणून: पंपाचा कारखाना माळावर कसा काय?

सांगली जिल्ह्यातल्या पलूस भागात पंप-मोटारी दुरुस्त करतो मी, त्यामुळे बाहेरनं आलेलं कोणीही हमखास विचारतं, किर्लोस्करांनी एवढा मोठा कारखाना पुण्यामुंबईला न काढता इथं किर्लोस्करवाडीत का काढला?

तर लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातले. मुंबईच्या जे.जे. कला शाळेत चित्रकला शिकायला गेले पण रंग नीट ओळखता येईनात म्हणून ते सोडलं आणि मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले, पुढं भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलीचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी लोकांची समजूत, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेली! त्यात म्युनिसिपालिटीने जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले, कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला आणि १०,००० रुपये कर्जाऊ. साल १९१०. निवडुंग नि साप, दुसरं काही नव्हतं तिथं.

पण मला विचाराल तर नुसत्या जागेनं कारखाना टिकत नाही. इथं गिऱ्हाईक बांधाच्या पलीकडंच होतं. त्या काळी विहिरीचं पाणी मोटेवर, बैलं दिवसभर धावेवरनं (विहिरीपासच्या उतारावरनं) वरखाली करायची तेव्हा कुठं थारोळ्यात (विहिरीवरच्या कुंडात) पाणी पडायचं. ही मेहनत रोज डोळ्यासमोर असलेला माणूस पंपाकडे वळणारच. आणि नांगरामुळे ओतकाम हातात बसलेलं होतंच (पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तर शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या वितळवायला). १९२६ च्या सुमारास सेंट्रिफ्युगल पंप निघाला.

पंप उघडला की मी पोरांना दाखवतो, इम्पेलर (आतलं फिरणारं पात्यांचं चाक) पाणी मधनं घेतो नि कडेला भिरकावतो, केसिंग (पंपाचं बाहेरचं ओतीव कवच) पाणी बाहेर पडतं त्या तोंडाकडं रुंद होत जातं तिथं वेग कमी होऊन दाब वाढतो, तोच पाणी वर चढवतो. फूटवॉल (पाण्यातल्या पाइपच्या टोकाची, पाणी मागं जाऊ न देणारी झडप) गळला की पंप हवा धरतो आणि कितीही फिरवा, थेंब उचलत नाही. हे केसिंग ओतताना आत खडबडीत राहिलं तरी पाणी कमी पडतं, म्हणून म्हणतो फाउंड्री (ओतशाळा) आधी, पंप नंतर.

२०१८ ला थायलंडच्या गुहेत मुलं अडकली तेव्हा पाणी उपसायला मदत करायला याच कंपनीचे लोक गेले होते. आणि कारखाना अजून वाडीतच आहे, स्टेशनचं नावही आता किर्लोस्करवाडीच.